मुड्याखालची चूल

अक्का, तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून तसंच पडलंय. माणसं म्हणे जाण्याआधी सगळं मिटवून जातात. तू कसली मिटवतेस! तुझी रीतच होती. मी दहा वाक्यं बोलायची, आणि तू उत्तर द्यायच्या ऐवजी फुंकणी तोंडाला लावून चुलीत फुंकर घालायचीस. फुंकणी खाली ठेवलीस की खोकला यायचा. खोकणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? दर वेळी तू अशी जिंकायचीस आणि मी तणतणत विहिरीवर जायची.

कुसुमच्या वहीची मागची पानं घेऊन बसलेय. तुला अक्षराची ओळख नव्हती आणि मी मराठी चौथी शिकलेली, म्हणून तू मला "शिकलेली म्हस" म्हणायचीस. म्हणून लिहिता लिहिता मी ओठ हलवून वाचतेही आहे, तुला ऐकू जावं म्हणून. ओटीवरून आत्याबाईंनी विचारलं, "काय गो, पोथी वाचतंस?" मी हो म्हटलं. सासूशी खोटं बोलायला तूच शिकवलंस. त्यांच्यासमोर मी तुला "अहो अक्का" म्हणायची आणि चुलीपाशी "अगो". आता कुणी नाही. आता अगोच म्हणते.

पहिल्या दिवसाची आठवण फार येते. मी तेरा वर्षांची होते, अलिबागच्या अंगाची. माझे बाबा एका डॉक्टरांकडे औषधाच्या बाटल्या भरायचे, आमच्या स्वयंपाकघराला खिडकी होती, आणि खिडकी असते यात काही विशेष आहे हे मला ठाऊकच नव्हतं. काशीदच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी हे आपलं घर. आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात ढकललं, "जा, थोरल्या जावेच्या पाया पड." आत गेले तर पाय दिसेनात, जाऊ दिसेना, काहीच दिसेना. डोळ्यांत मिरची घातल्यासारखं झालं. तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरून खाली ओढलं. "खाली बस गो. धूर वर ऱ्हातो, मानूस खाली ऱ्हातो." बसले. खरंच, जमिनीपासून दोन हात वरपर्यंत श्वास घेता येत होता. मग तुझं तोंड दिसलं. डोळे लाल, गालावर राख, आणि हसतेस! सासरची पहिली शिकवण मला तीच मिळाली. मी तुझ्या पाया पडायची राहिले ती राहिलेच, ते तेवढं तू गेलीस त्या दिवशी केलं.

तुझं स्वयंपाकघर म्हणजे एक अंधारी कोठी. खिडकी नाही, धुराडं नाही. का नाही, हे मी विचारलं तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी विहिरीला दार का नाही असं विचारलं. धूर बाहेर घालवायचा? धूर तर हवा! धुराने छपराचं गवत टिकतं, वाश्यांना वाळवी लागत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बियाणं. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला, पेंढ्यात गच्च आवळून बांधलेले भाताचे मुडे टांगलेले. पुढच्या वर्षीच्या पेरणीचं सगळं बी त्या मुड्यांत. कार्तिकापासून मृगापर्यंत त्यांना रोज धूर बसला पाहिजे, म्हणजे कीड शिवत नाही. मुडे बांधायचीस तू. तुझ्या मुड्याचं बी शंभर टाकलं तर शंभर उगवतं म्हणून पलीकडच्या वाडीतले लोक चार मुठी मागायला यायचे, आणि तू पदर सावरत "न्या, न्या" म्हणायचीस तेव्हा तुझ्या तोंडावर जे यायचं ते मी कुठल्या सणालाही बघितलं नाही. घराचं वर्ष तुझ्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि तुला त्याचा केवढा अभिमान!

ओली लाकडं, शेणी, नारळाची सोडणं, झावळ्या, काहीच नसेल तर भाताचं तूस. जे मिळेल ते पेटवायचीस. तुसाचा धूर सगळ्यात वाईट, तो घशात बसतो. तू म्हणायचीस, "मुड्याला तुसाचाच धूर मानवतो." आणि तुला गो? तुला काय मानवायचं ते कुणी विचारलं?

माझा पहिला मुलगा तुला आठवतो का, हे विचारायची गरज नाही. तो सात महिन्यांचा होता. श्रावण होता, बाहेर धो धो, घरात एकच उबदार जागा ती चुलीजवळची. मी त्याला मांडीवर घेऊन तिथेच भाकऱ्या थापायची. त्याला खोकला झाला, मग पोट आत ओढून श्वास घ्यायला लागला. डबा झालाय म्हणाल्या बायका. पोटावर डाग दिले, बेंबीला हिंग लावलं. चौथ्या दिवशी तो गेला. तुझे दोन्ही मुलगे त्याच चुलीशी वाढले, खोकत का होईना पण वाढले, आज मुंबईला आमच्या यांच्याबरोबर गिरणीत आहेत. माझाच का? तेव्हा मी फार वाईट बोलले असेन. तू मला धरून बसलीस.

आणि त्या दिवसानंतर तू मला चुलीपासून उठवलंस. मी वाटण करावं, मी पाणी भरावं, मी शेतावर भाकरी न्यावी, लावणीला जावं. पण चुलीपुढे बसायला गेले की, "ऊठ. तुला जमत न्हाय. माझी चूल हाय ती." भाकरी मला जमत नाही? मला! माझ्या हाताची भाकरी टम्म फुगायची, तुझ्या तर कडा करपायच्या. मला एकच अर्थ लागला. जिचं मूल गेलं ती अवलक्षणी, तिने घराच्या चुलीला हात लावू नये. तू तोंडाने म्हणत नव्हतीस, पण मी वाचलं तुझ्या तोंडावर, शिकलेली ना मी! एकदा सरळ विचारलंही, "माझ्या हाताचा विटाळ होतो का तुझ्या चुलीला?" तू फुंकणी उचललीस.

तुझा खोकला वाढत गेला तो त्यानंतरच्या दोन वर्षांत. आधी पावसाळ्यात, मग हिवाळ्यात, मग बारमाही. उखळावर दोन घाव घातले की कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस. जात्यावर बसलीस की ओवी अर्ध्यात तुटायची. बाबा एकदा मला भेटायला आले होते, ओटीवर बसून त्यांनी आतला तुझा श्वास ऐकला आणि जाताना हळूच म्हणाले, "तुझ्या जावेला दमा नाही, धूर लागलाय. भिंतीला वरती एक भोक पाडा. तेवढंच औषध."

मी आठ दिवस तुझ्या मागे लागले. तुझं एकच, "आनि मुड्यांचं काय?"

मग माघ लागताच तू भावाच्या लग्नाला म्हसळ्याला गेलीस, आठ दिवस. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच चूल माझ्या हातात आली. मी शिडी लावली, कोयता घेतला आणि छपराच्या खाली, त्रिकोणी भिंतीचा काठ्या-चिखलाचा कूड कापून हातभर रुंद भोक पाडलं. खरं सांगू? अर्धं तुझ्या छातीसाठी, आणि अर्धं माझ्या हट्टासाठी. या स्वयंपाकघरावर माझाही काही हक्क आहे हे मला दाखवायचं होतं. आत्याबाई ओरडल्या, तुझा नवरा असूनही भावोजी एवढंच म्हणाले, "बायकांचं बायकांनी बघा," आणि धूर सुसाट बाहेर गेला.

तू आलीस. दारात उभी राहून चुलीपुढच्या जमिनीवर पडलेल्या उजेडाकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. तू डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलंस, त्या उजेडात बसलीस आणि म्हणालीस, "ही भिंत एवडी काळी हाय व्हय?" मग मला बाजूला सरकवून चूल परत ताब्यात घेतलीस. पण भोक बुजवलं नाहीस.

ते पाच महिने, अक्का. माघ ते ज्येष्ठ. मी देवाकडे दुसरं काही मागणार नाही, ते पाच महिने परत दे म्हणेन. तुझा खोकला निम्म्यावर आला. डोळे निवळले. होळीच्या पुरणाला तू जात्यावर बसलीस आणि एका दमात आख्खी ओवी म्हटलीस, मला चिडवणारी, "धाकटी माझी जाऊ, तोंडाची तलवार" अशी काहीतरी, तिथल्या तिथे रचलेली. मी खोटं खोटं रागावले. शिमग्याला हे आले तेव्हा रेवसला आगबोटीतून उतरून, डोक्यावर खोकं घेऊन आले. खोक्यात स्टोव्ह! तो पेटवला आणि भर्रर्र आवाज झाला तशी तू परसात पळालीस. एकदा चहा झाला त्याच्यावर, मग रॉकेल संपलं आणि तू त्याला फडक्यात बांधून फळीवर ठेवलंस. पुढे दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचीस. मी हसून हसून लोळायची. ते हसणं आता कुणाबरोबर हसू?

ज्येष्ठात पेरणीसाठी मुडे उतरवले. भावोजींनी पहिल्याचा पेंढा कापला आणि मूठ भरून बी हातावर घेतलं. हलकं लागलं. फुंकर मारली तर अर्धं उडून गेलं, नुसती टरफलं. सोंडे पडले होते, आतला दाणा पोखरून टाकलेला. दुसरा मुडा तसाच. तिसरा तसाच. रोपांसाठी राब भाजून वाफे तयार, आभाळ भरून आलेलं, आणि घरात पेरायला बी नाही.

भावोजींना मी तेव्हा पहिल्यांदा ओरडताना बघितलं. "कुनी बांधले मुडे?" सगळ्या गावाला ठाऊक होतं कुणी बांधले. पण सगळ्या गावाला हेही दिसत होतं की भिंतीला भोक आहे, आणि ते कुणी पाडलं. मी उभी होते तिथे, अंगणात, सगळ्यांसमोर. तू पुढे झालीस. "माजंच चुकलं. पेंढा वला ऱ्हायला व्हता. लग्नाच्या घाईत बांदले मी." आत्याबाई म्हणाल्या, "आनि ते भोसकं?" तू म्हणालीस, "त्याचा काय संबंद न्हाय."

आणि मी गप्प, अक्का. मी, जिच्या जिभेला हाड नाही असं अख्खं गाव म्हणतं, ती मी पदराचं टोक दातात धरून उभी राहिले. तुझ्या नवऱ्याने तुला चार माणसांत नको ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुला तुझ्या माहेरी पाठवलं बी मागायला. ज्या घरातून सगळे बी न्यायचे, त्या घरची थोरली सून डोक्यावर रिकामी टोपली घेऊन म्हसळ्याला गेली. मी तेव्हाही बोलले नाही. आजवर बोलले नाही. आज लिहितेय ते पहिल्यांदा.

परत आलीस आणि पदर खोचून शिडी लावलीस. "पेंढा आन गो," एवढंच म्हणालीस. मी पेंढा आणला. मी चिखल कालवला, शेण घातलं, गोळे करून तुझ्या हातात वर दिले. तुझा श्वास जायची वाट तू बुजवत होतीस, आणि सामान मी पुरवत होते. शेवटचा गोळा लावलास आणि स्वयंपाकघर पुन्हा पहिल्यासारखं काळं झालं. त्यानंतर मी भोकाचं नाव काढलं नाही. कुठल्या तोंडाने काढणार? तू माझी चूक अंगावर घेतलीस, त्याने माझं तोंड बांधलं गेलं. कधी कधी वाटतं, तेव्हा तू माझं नाव सांगितलं असतंस तर बरं. मी शिव्या खाल्ल्या असत्या आणि पुढच्याच वर्षी पुन्हा कोयता घेतला असता.

मग कुसुम झाली. तू तिला बारशाला मांडीवर घेतलंस आणि त्याच दिवशी फर्मान काढलंस, पोरीला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मला म्हणालीस, "तू भायेरच्या पडवीत ऱ्हा तिला घिऊन. आत काय काम हाय तुजं?" पुन्हा तेच. आता तर माझी मुलगीही अवलक्षणी! कुसुम रांगायला लागली तशी उंबऱ्याशी येऊन बसायची. तू आतून भाकरीचा तुकडा द्यायचीस, दूधभाताची वाटी सरकवायचीस, गप्पा मारायचीस तासन्तास, पण आत घ्यायची नाहीस. ती रडली की म्हणायचीस, "मी हाक मारीन तवा ये. आता न्हाय." पोर बिचारी सहा वर्षं हाकेची वाट बघत उंबऱ्याबाहेर बसली. मला तुझा राग यायचा, अक्का. खोटं कशाला सांगू? फार राग यायचा.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या पायांवर सूज आली, ओठ जांभळे दिसायला लागले. भावोजींनी गाडी जुंपली आणि आपण तिघं तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुझ्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि भावोजींना विचारलं, "बाई विडी ओढतात का?" तू पदराआडून ताडकन म्हणालीस, "शिव शिव! मी काय बाप्या हाय?" डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं विडी ओढलेल्या म्हाताऱ्याची छाती अशी असते. मी म्हटलं, "विडी नाही हो, चूल ओढते ती." गाडीत परतताना तू त्या विडीवरून एवढी हसलीस की खोकल्याने बैलसुद्धा बिचकले. "एक दे गो पेटवून," म्हणालीस मला. आपण दोघी शेवटच्या हसलो त्या तेव्हाच.

घरी आल्यावर मी सांगितलं, डॉक्टर म्हणालेत धुरापासून लांब राहायचं, उद्यापासून चूल मी बघणार. तू म्हणालीस, "न्हाय." मी म्हटलं, निदान भोक तरी पाडू. तू म्हणालीस, "बी गेलं तर वरीस जातं." मी म्हटलं, "आणि माणूस गेलं तर?" तू म्हणालीस, "मानूस जातंच. माझ्या चुलीला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते."

तेव्हा मी ते बोलले. तुला आठवत नसेल तर बरं, पण तुला सगळं आठवायचं. मी म्हटलं, "मग ही चूल घेऊनच सरणावर चढ!"

तू फुंकणी उचललीस. ओठाला लावलीस. फुंकर आली नाही. छातीत हवाच नव्हती. तू तशीच फुंकणी धरून बसलीस आणि मी विहिरीवर निघून गेले.

शेवटचे पंधरा दिवस तुला आडवं होता येईना, दम कोंडायचा. भिंतीला टेकून बसून असायचीस, चुलीपासून चार हातांवर. तेव्हा कुठे तू मला चुलीपुढे बसू दिलंस. घटकाघटकाला विचारायचीस, "कुसुम कुठं हाय?" मी म्हणायची, शेजारी आहे. "भायेर हाय नव्हं?" "हो गो, बाहेर आहे." मग मान टेकवायचीस. मला वाटायचं, पोरीची आठवण येते तुला. मी तिला आणायला उठले की हात हलवून नको म्हणायचीस. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

तू गेलीस तेव्हा बायका म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची गेली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. मला त्या बायकांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. श्वासासाठी तडफडून गेली, भाग्य कसलं मेलं! मी तुझ्या पायांशी डोकं ठेवलं आणि तोंडातून माफीचा शब्द फुटला नाही.

रीतीप्रमाणे, जिथे तुझा जीव गेला तिथे, चुलीपासून चार हातांवर, दहा दिवस दिवा ठेवला. तो विझू द्यायचा नाही. भावोजी म्हणाले, मी बसतो. हा माणूस जन्मात कधी स्वयंपाकघरात बसला नव्हता. जेवायचा ओटीवर, हात धुवायचा अंगणात. तीन दिवस घरात चूल पेटली नाही, शेजारून भात यायचा. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या गोदाने येऊन तुझी चूल पेटवली आणि भात टाकला. भावोजी दिव्याशी बसले होते. मी दारातून बघत होते. थोडा वेळ त्यांनी डोळे चोळले. मग खोकायला लागले. मग उठून उभे राहिले, नव्या माणसाची चूकच ती, आणि सगळा धूर तोंडावर घेतला. भात शिजायच्या आत ते धडपडत अंगणात आले आणि तुळशीपाशी ओकले. मी पाणी दिलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ती रोज हितं बसायची?" मी म्हटलं, "रोज. दोन वेळा. वीस-बावीस वर्षं."

ते परत आत गेले. दिव्यात तेल घातलं, शिडी घेतली आणि आढ्याचे मुडे एकेक करून खाली उतरवले. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. मुडे खांद्यावर घेऊन ते मागच्या पडवीत गेले, जिथे आपली न्हाणीची चूल आहे, आंघोळीचं पाणी तापवायची. ती तर रोज पहाटे पेटते. तिच्या वरच्या वाशाला त्यांनी मुडे टांगले. मग कोयता घेऊन आले आणि तुझी भिंत फोडली. मी पाडलं होतं त्याच्या दुप्पट.

एवढंच होतं, अक्का. एवढंच! मुडे पंधरा पावलं मागे न्यायचे होते. बी वाचलं असतं आणि तूही वाचली असतीस. चुलीवरचा मुडा चुलीवरच असतो, म्हणून तुला सुचलं नाही, मला शिकलेलीला सुचलं नाही, आत्याबाईंना नाही. त्याला मात्र एका सकाळीत सुचलं, कारण तो एक सकाळ तिथे बसला. मी त्याच्यावर ओरडायला पुढे झाले, तर तो माणूस भिंतीशी कोयता टेकवून लहान मुलासारखा रडत होता.

तेराव्याला आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आता चूल तुझी. मी म्हटलं, ती तर मला शिवू देत नव्हती, अवलक्षणी म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "कोन बोलला असं? अगो, तुजा पोरगा गेला त्या दिशी ती माज्या पाया पडली. बोलली, पोर धुरानं गेला, मी बगितला. धाकटीला पुन्यांदा दिवस ऱ्हातील, तिला आन् तिच्या पोराला मी चुलीशी बसू देनार न्हाय. कुनीतरी बसाया पायजे ना? मी बसते. आन् बोलली, तिला सांगू नुका. ती ऐकनार न्हाय, हट्टी हाय, येऊन बसंल."

दहा वर्षं मी तुझा द्वेष केला नाही असं म्हणणार नाही. केला. आणि तू माझ्या वाटणीचा धूर ओढत बसलीस. का नाही सांगितलंस गो? एकदा म्हणायचंस. मी भांडले असते, ओरडले असते, अर्धा दिवस तू आणि अर्धा दिवस मी असं वाटून घेतलं असतं. दोघी मिळून पाच-दहा वर्षं जास्त खोकलो असतो. पण नाही. थोरली जाऊ तू! सगळं एकटीने खायचं, धूरसुद्धा.

आज सकाळी मी भात टाकला. भोकातून उजेड येतो, धूर सरळ निघून जातो, आणि मी ताठ बसून श्वास घेते. सवय नाही, लाज वाटते. कुसुम शाळेतून आली आणि तिच्या जागी, उंबऱ्याबाहेर, फतकल मारून बसली. मी म्हटलं, "आत ये बाळा, आता धूर नाही." ती हलली नाही. मी ताट वाढून चुलीपाशी ठेवलं, तुझ्या जागेजवळ. "ये, इथे बस जेवायला." तिने मान हलवली. "न्हाय. अक्का बोलली व्हती, मी हाक मारीन तवा ये."

मी ताट उचलून उंबऱ्याबाहेर नेलं आणि तिला तिथेच भरवलं. मी कितीही बोलावलं तरी ती यायची नाही, तुझीच हट्टी पुतणी ती. एकदा, एकदाच, तू हाक मार गो तिला.